बूथमधली रुंद खुर्ची

१

बूथमध्ये शिरलं की ताई सगळ्यांत आधी पोटावर उशी बांधायची. जुन्या सोफ्याची छोटी उशी, तिला शिवलेल्या दोन नाड्या, पाठीमागे गाठ. मग कानांवर हेडफोन, समोर पुस्तक, आणि तोंडापासून वीतभर अंतरावर माइक. माइकसारखा चहाडखोर प्राणी नाही. माणूस जे लपवतो ते तो आधी ऐकतो.

पुस्तकं मोठ्याने वाचणं हे तिचं काम होतं. ज्यांना डोळे पुरत नाहीत किंवा वेळ पुरत नाही, अशी माणसं तिच्या आवाजात जाडजूड कादंबऱ्या ऐकायची. स्टुडिओत तिला लहानथोर सगळेच ताई म्हणत. काचेपलीकडे मशीनसमोर बसणाऱ्या काडीपैलवानाला सगळे कानसेन म्हणत, कारण शेजारच्या इमारतीत कुणाच्या हातून चमचा पडला तरी तो रेकॉर्डिंग थांबवायचा.

त्याने आत्ताही थांबवलं.

"पोट," हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला.

"उशी बांधलीय रे."

"बांधलीय खरी. उशीलाच भूक लागलीय बहुतेक."

ताई हसली. हसण्यासारखं काही नव्हतं, पण दोघांनाही काम पुरं करायचं होतं.

ऑपरेशनला बरेच महिने झाले होते. पोटाचा मोठा भाग कापून काढला होता, उरली होती ती केळ्याएवढी नळी. "भूक लावणारा भागच काढलाय, आता भूक विसराल," असं सर्जन म्हणाले होते. तिच्याबरोबर ऑपरेशन झालेल्या बायका खरंच विसरल्या होत्या. एकीला तर जेवायची आठवण राहावी म्हणून गजर लावावा लागायचा. ताई मात्र सकाळी भुकेनेच जागी व्हायची. दोन-चार चमचे सूप गेलं की नळी गच्च, पुढचा चमचा घशाशी. आणि भूक तशीच. आधी होती तेवढीच मोठी. पोट लहान झालंय हे भुकेला कुणी कळवलंच नव्हतं जणू.

आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं होतं, "ही पोटातली भूक नाही हो, डोक्यातली आहे." हे त्यांनी इतक्या हसतमुखाने सांगितलं, की जणू डोक्यातलं दुखणं म्हणजे दुखणंच नव्हे! मन रमवा, कोमट पाणी घ्या, फिरून या. ताईने मन रमवलं, पाणी घेतलं, फिरून आली. भूकही तिच्याबरोबर फिरून आली.

ऑपरेशन तिने कुणाला बारीक दिसण्यासाठी केलं नव्हतं. आवाजासाठी केलं होतं. लांब वाक्य एका दमात पार होईना, मधेच धाप लागायची, ती धाप कापता कापता कानसेनची संध्याकाळ व्हायची. कामं कमी होऊ लागली होती. आता दम पुरत होता. वाक्याच्या शेवटापर्यंत आवाज पोचत होता. हे तिला काहीही करून टिकवायचं होतं.

बूथच्या मागच्या कोपऱ्यात तिची जुनी खुर्ची अजून होती. बिनहातांची, रुंद, जाड फोमची, तिच्यासाठी मुद्दाम आणलेली. आता ती साध्या खुर्चीवर मावत होती. रुंद खुर्ची हलवायला कुणाला वेळ झाला नव्हता.

२

शांततेलाही आवाज असतो, हे या धंद्यात आल्यावर कळतं. वाचताना झालेली चूक, खोकला, पोटाची गुरगुर नुसती कापून टाकली तर तिथे भोक पडतं. ऐकणाऱ्याला कानात दडा बसल्यासारखं होतं. म्हणून त्या जागी त्याच खोलीची शांतता भरावी लागते. त्यासाठी दिवसाचं वाचन संपलं की वाचणाऱ्याने बाहेर यायचं, बूथचं दार लावायचं आणि माइक मात्र चालू ठेवायचा. कानसेन त्याला 'खोली घेणं' म्हणायचा.

"चला ताई, बाहेर या. खोली घेऊ."

ती बाहेर आली, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. आत दिवा होता, पुस्तक होतं, माइक होता आणि माणूस कुणी नव्हतं. पडद्यावरची रेघ सरळ, आडवी चालली होती.

कानसेनने एकदम हात वर केला. "ताई, गप."

"मी गप्पच आहे."

त्याने आपले हेडफोन एका कानावरून सरकवून तिच्या कानाला लावले. दोघांची डोकी जवळ आली.

आधी काहीच नव्हतं. मग खोलातून एक आवाज निघाला. जमिनीलगत सरपटत आल्यासारखा वर आला, मधे पिळवटला, आणि शेवटी प्रश्न विचारावा तसा उचलून थांबला. पडद्यावरच्या रेघेला फुगवटा आला आणि गेला.

आपल्या नावाची हाक माणूस गर्दीतही ओळखतो. ताईने तो आवाज तसाच ओळखला. तिने नकळत पोटावर हात ठेवला. उशीखाली सगळं शांत होतं.

"पाइप असेल," कानसेन म्हणाला.

"बूथच्या भिंतीत पाइप आहेत?"

"नाहीत." त्याने छताकडे पाहिलं. "वरच्या मजल्यावर असतील."

वरच्या मजल्यावर गच्ची होती. दोघांनाही ते माहीत होतं. पण रोजच्या कामात इतक्या लहान गोष्टीसाठी कुणी अडून बसत नाही. कानसेनने फुगवटा निवडला, कापला, आणि उरलेली शांतता ठेवून घेतली. भरायला.

घरी जाताना रस्त्यात बेकरी लागायची. रोज तिथून जाताना ताई श्वास रोखायची, पलीकडच्या फुटपाथवर जायची. त्या संध्याकाळी ती बेकरी ओलांडून बरीच पुढे गेली आणि मग थबकली. तिने श्वास रोखला नव्हता. तिला भूकच नव्हती.

३

भूक नसणं म्हणजे काय, हे ज्यांना कधी भूकच पुरून उरली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. घरात सतत चालू असलेला पंखा बंद व्हावा आणि मग कळावं, की आपण इतकी वर्षं ओरडून बोलत होतो! ताईने त्या रात्री सूप चवीने घेतलं, चमचा ठेवला आणि जेवण संपलं. बस्स. इतकं साधं असतं ते?

दुसऱ्या दिवशी दुपारी भूक परत आली. वाचन झालं, ती बूथबाहेर आली, कानसेनने खोली घेतली. आत ते गुरगुरलं. तिची भूक गेली.

ती शिकलेली बाई होती. तिने स्वतःला बजावलं, की योगायोगाला आपण उगाच शेपूट लावतोय. दोन दिवस तिने काहीतरी सबब काढून खोली घेऊ दिली नाही. दोन्ही दिवस भूक हटली नाही, उलट पाठीच्या कण्याला जाऊन भिडली. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आज जरा जास्त वेळ घे रे."

"एवढी शांतता कुठे भरू? आहे ती पुरतेय."

"पुस्तक मोठं आहे. असू दे हाताशी."

ती दीपगृहाच्या एका रखवालदाराची लांबलचक कादंबरी होती. त्यात लोक फार बोलत नसत, वाक्यांमधे जागा पुष्कळ होत्या. कानसेनने त्या सगळ्या जागा मोकळ्या खोलीने भरल्या. गुरगुर प्रत्येक वेळी कापायचा, पण दरवेळी ती जरा लांब असायची. "हा पाइप जेवण मागतोय, ताई," तो म्हणायचा. आधी हसत. मग न हसता.

एकदा पुस्तक विसरलं म्हणून ताई खोली घेऊन झाल्यावर आत गेली. कोपऱ्यातल्या रुंद खुर्चीकडे सहज लक्ष गेलं. फोममध्ये खड्डा होता. तिच्याच बैठकीचा, मधे खोल आणि कडांना पसरट. जुना फोम बसतो कधीकधी, तिने मनाशी म्हटलं. मग तिने खुर्चीच्या कडेला तळहात दाबला आणि उचलला. दाबलेली जागा पटकन वर आली, चांगला जिवंत होता फोम. खड्डा मात्र तसाच राहिला.

तिने पुस्तक उचललं आणि दार जरा जोरात लावलं.

वजनकाट्यावरचा आकडा पाहून आहारतज्ज्ञ बाई खूश झाल्या. "बघा, म्हटलं नव्हतं? मनाने घेतलं की भूक जाते!"

"कुठे जाते हो?" ताईने विचारलं.

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

४

पुस्तक बाहेर आलं आणि बरं चाललं. आठवड्याभरात मावशीचा फोन आला.

ही मावशी म्हणजे घराण्याचं आरोग्यखातं. ऑपरेशनच्या वेळी तीच म्हणाली होती, "शॉर्टकटच तो! आमच्या वेळी लोक चालायचे बाई. जिभेवर ताबा नाही म्हणून कुणी पोट कापून घेत नव्हतं." हे ती ताई शुद्धीवर येऊन तास झाला नसताना, पलंगाशी उभी राहून म्हणाली होती.

आता फोनवर तिचं तोंड भरलेलं होतं.

"काय गं ते तुझं पुस्तक! कानात घातलं की पोटात कावळे ओरडायला लागतात. काल अख्खा केक संपवला. उभ्या उभ्या, फ्रिजचं दार उघडं टाकून!"

"मनावर ताबा ठेव ना, मावशी."

"अगं ठेवते गं, पण—"

"कोमट पाणी घे. फिरून ये."

फोन ठेवल्यावर ताई किती तरी वेळ हसत होती. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. जन्मभर ज्यांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, ते आता आपल्या ताटाकडे पाहत होते. यात काय वाईट झालं? मग हसू ओसरलं आणि मावशीच्या बोलण्यातलं एक वाक्य मागे राहिलं. कानात घातलं की.

दुसऱ्या दिवशी तिने कानसेनकडे नीट पाहिलं. मशीनच्या खोलीत चहाचा कप आणला तरी अंगावर येणारा हा माणूस, आणि त्याच्या कीबोर्डवर बिस्किटांचा भुगा होता. कचऱ्याच्या डब्यात रिकामी पाकिटं दाबून दाबून भरली होती, लपवल्यासारखी. ते दाबणं ताईने ओळखलं. तिनेही वर्षानुवर्षं पाकिटं अशीच दाबली होती.

"काय रे, तब्येत बरी आहे ना?"

"एकदम. वाढत्या वयात भूक लागतेच की," तो म्हणाला. त्याचं वाढायचं वय केव्हाच सरलं होतं.

तिने आणखी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचंही विचारावं लागलं असतं.

५

ताईच्या घरात ती आणि तिची आई, अशा दोघीच होत्या. आईची नजर जवळजवळ गेली होती, उजेड आणि आकार तेवढे कळायचे. ती खिडकीशी बसून लेकीची पुस्तकं ऐकायची. खाणं चिमणीएवढं. ताट वाढलं की अर्धं परत.

"हे दीपगृहाचं फार छान वाचलंस," आई एकदा म्हणाली. "तू मधे मधे थांबतेस ना, तिथे एकटं वाटत नाही."

"म्हणजे?"

"तिथे कुणीतरी असतं. तुझं वाक्य संपलं की आवंढा गिळतं."

ताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "रेकॉर्डिंगचा दोष असेल. कानसेनला सांगते."

तिने सांगितलं नाही. तिला भूक नव्हती. पहिल्यांदाच आयुष्यात तिला भूक नव्हती, आणि त्यात कुणी बोट घालावं असं तिला वाटत नव्हतं.

मग एका दुपारी काम लवकर आटपलं. तिने किल्लीने दार उघडलं. खिडकीशी आई नव्हती, खुर्चीवर नुसते इअरफोन लोंबत होते. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. करकर, करकर. थांबून पुन्हा करकर. वाळू चावल्यासारखा.

आई जमिनीवर बसली होती. पुढ्यात तांदळाचा डबा उघडा. मूठ भरायची, तोंडात कोंबायची, चावायची. कच्चेच. तांदूळ मांडीवर, केसांत, फरशीभर. हनुवटीवरून रक्ताची बारीक धार उतरली होती, आणि त्या धारेला दाणे चिकटले होते.

"आई!"

आई दचकली. तिने मूठ पाठीमागे लपवली. सत्तरी ओलांडलेल्या बाईने, लहान मुलीसारखी.

"दात मोडला वाटतं गं," ती हळूच म्हणाली. "तू रागावू नकोस. लाज वाटते मला, पण थांबवतच नाही. पोट भरलंय, अगदी टम्म झालंय, हात लावून बघ. पण भूक जात नाही."

ताई तिथेच बसली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिने ते डॉक्टरांना सांगितलं होतं, मैत्रिणींना सांगितलं होतं, फार पूर्वी याच आईलाही सांगितलं होतं. तेव्हा आई म्हणाली होती, "पाणी पी म्हणजे जाईल." आणि पाठ वळवून पोळपाट-लाटणं धुवायला घेतलं होतं.

ताईने आईचं तोंड धुतलं. तांदूळ झाडले. इअरफोन कपाटात टाकून कुलूप लावलं. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी सगळं तपासलं आणि "वय झालंय" एवढंच निदान केलं. दोन दिवस आईने काहीही ऐकलं नाही. भूक मात्र गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आई उशीच्या अभ्र्याचं टोक चघळत होती.

६

"ती शांतता काढून टाक," ताई म्हणाली. "पुस्तकातली. सगळी."

कानसेन खुर्चीत मागे रेलला. "ताई, पुस्तक केव्हाच बाहेर गेलंय. आणि का काढू?"

तिने सांगितलं. मावशी, आई, तांदूळ. सांगताना तिलाच ते खुळचट वाटत होतं, म्हणून ती भराभर बोलली.

"तुम्ही दमलाय," तो म्हणाला. "माणसं खातात हो. सुटतो कधीकधी ताबा. त्यात भूतबाधा कसली आणताय?"

"मी भूत म्हटलं का?"

"मग काय म्हणताय?"

तेवढ्यात ते वाजलं. स्पष्ट, लांब, शेवटी उचललेलं. बूथमधून नाही. कानसेनच्या शर्टाखालून. आणि त्याने ज्या घाईने पुढ्यात फाइल ओढली, त्या घाईत शर्ट वर सरकला. कमरेला नाडी दिसली, घट्ट बांधलेली. उशीची नाडी.

त्याने शर्ट खाली ओढला.

"आवाज येतो," तो खाली बघत म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये जातो. म्हणून बांधली. घरची उशी आहे. बायको विचारते, मी सांगत नाही." त्याने डोळे पुसले. "ताई, ही असली भूक घेऊन तुम्ही इतकी वर्षं वाचत होता?"

तिला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता.

"नवी फाइल चढवता येते," तो थोड्या वेळाने म्हणाला. "दोष सापडला म्हणून. पण तुम्हीच म्हणता, ऐकणं बंद केलं तरी आईंची भूक जात नाही. मग शांतता बदलून काय होणार?"

ताई बूथच्या काचेकडे बघत होती. आत दिवा, पुस्तक, माइक. "खोली घेताना दर वेळी मी बाहेर आले," ती म्हणाली. "दर वेळी माझ्या भुकेला आत ठेवून दार लावलं. आज मी आत बसते. तू ती सगळी जुनी शांतता आतल्या स्पीकरवर लाव. आणि ती संपली की माझ्यासकट खोली घे. तीच पुस्तकात भर."

"आणि सगळ्यांची मिळून आली तर? तुमच्या त्या नळीत राहील ती? तुम्ही पुन्हा खाल, ताई. फाटेल ती. आवाज जाईल, काम जाईल."

हे तिला कळत नव्हतं असं नाही. क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं, की आई म्हातारी आहे, डब्यांना कुलपं लावता येतील. पण तो विचार तिला मावशीच्या आवाजात ऐकू आला, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"माझी आहे ती," ती म्हणाली. "लाव तू."

७

उशी तिने बाहेरच ठेवली. दार लागलं तसा बाहेरचा आवाज कापल्यासारखा गेला. कानसेनने आपल्या बाजूचे दिवे बंद केले होते, पडद्यावरची रेघ नीट दिसावी म्हणून. त्यामुळे काचेचा आरसा झाला. काचेत ताई स्वतःला दिसत होती, आणि तिच्या खांद्यामागे कोपऱ्यातली रुंद खुर्ची.

"सुरू करतो," त्याचा आवाज आला.

स्पीकरमधून शांतता आली. ऐकायला काहीच नव्हतं आणि तरी ऐकू येत होतं, बंद दारामागे कुणी उभं असलं की येतं तसं. ताईने हात मांडीवर ठेवले. आपण एका मोकळ्या खोलीत बसून मोकळ्या खोलीचा आवाज ऐकतोय, यात भिण्यासारखं काय आहे, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. कानाच्या पाळ्या मात्र गार पडल्या होत्या.

मग पहिला आवंढा ऐकू आला. आई म्हणाली होती तसाच, अगदी लहान. थोड्या वेळाने दुसरा. गुरगुर कानसेनने कापली होती, पण गुरगुर होण्याआधी जे होतं ते कापायचं राहून गेलं होतं. ओठ सुटे होणं. जीभ टाळ्याला लागणं. खूप वेळ थांबलेल्या माणसाचं, कुणी विचारेल म्हणून थांबलेल्या माणसाचं, श्वास आत घेणं.

तो श्वास स्पीकरमधून आत गेला. आणि सोडला गेला तो स्पीकरमधून नाही.

मानेवरचे केस हलले. ताईने मागे वळून पाहिलं नाही. तिने काचेत पाहिलं.

रुंद खुर्ची रिकामी होती. फोममधला खड्डा खोल होता, नेहमीपेक्षा खोल. ती बघत राहिली आणि खड्डा हळूहळू वर येऊ लागला. आधी पुढची कड, मग मधला भाग, सगळ्यांत शेवटी मागचा. जड माणूस गुडघ्यांवर हात टेकून, दोनदा प्रयत्न करून उठतं तेव्हा बैठक जशी सुटत जाते, तसा. ते उठणं तिचं होतं. इतकी वर्षं ती अशीच उठत आली होती.

फोम सपाट झाला.

"ताई," स्पीकरवर कानसेनचा घोगरा आवाज आला. "ताई, तुमच्या मागे—"

ताईने डोळे मिटले आणि ती जरा सरकून बसली, बाकावर कुणाला जागा द्यावी तशी.

आणि मग भूक आली. एकदम, सगळी. मावशीची उभ्या उभ्याची, कानसेनची लपवलेली, आईची तांदळातली, आणि ज्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं अशा कुणाकुणाची. तिच्या तोंडातून आवाज फुटू नये म्हणून तिने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली. खोली घेतली जात होती. तिला गप्प राहायचं होतं.

"झालं," कितीतरी वेळाने कानसेन म्हणाला. "रेघ एकदम सरळ आहे."

ती बाहेर आली तेव्हा तो शर्टात हात घालून नाडी सोडत होता. त्याने काय पाहिलं ते त्याने कधी सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी रुंद खुर्ची हलवायला माणसं आली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे ती. लागेल."

८

आई खिडकीशी बसली होती. नवी फाइल कानात होती. संध्याकाळचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता, आणि त्या चेहऱ्यावरची ओढ गेली होती.

"जेवून घे, आई."

"दोन घास घेतले गं मघाशी. भरलं माझं." तिने इअरफोन काढले. "आता तू थांबतेस तिथे कुणी नाहीये. नुसती तूच."

"बरं वाटतंय का तुला?"

"मला बरंय." आई जरा घुटमळली. "बाळ, तू लहानपणी म्हणायचीस ना, पोट भरलंय पण भूक जात नाही. मी तुला पाणी प्यायला सांगायची."

"असू दे गं."

"असू दे कसं? मला माहीतच नव्हतं, की ते असं असतं."

ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती स्वयंपाकघरात आली. टेबलाशी बसली, वाटीत सूप घेतलं, आणि हळूहळू, मोजक्या चमच्यांत संपवलं. नळी गच्च झाली. भूक हललीही नाही. तिच्या बरगड्यांमागे ती उभी होती, दाराच्या चौकटीएवढी. फ्रिज चार पावलांवर होता. पाव होता, लोणी होतं, आईसाठी आणलेली बिस्किटं होती. तिच्या हातांना सगळ्यांची जागा पाठ होती. एवढी भूक घेऊन उद्या वाचायचं होतं, परवाही. कसं, ते तिला माहीत नव्हतं.

वाटी धुवावी म्हणून ती उठली.

खुर्चीची गादी उठली नाही.

ताई वाटी हातात धरून उभी राहिली. तिच्या आताच्या अंगाला ती खुर्ची सैल होती, तिची बैठक गादीवर उमटतही नसे. आत्ता गादी कडेपर्यंत भरून दबली होती, मधे खोल, कडांना पसरट. लाकडाने बारीकसं कुरकुरून वजन सावरलं.

पळावंसं वाटलं. आईला हाक मारावीशी वाटली. पण ती बसलेली आकृती, जी नव्हती, तिचे खांदे कसे पडलेले असणार हे ताईला माहीत होतं. नजर टेबलावर असणार. कुणी काही म्हणायच्या आत आपणच हात मागे घ्यावा म्हणून हात मांडीत असणार. कोमट पाणी, फिरायला जाणं, मनावर ताबा, आणि शेवटी सुरी. जन्मभर सगळ्यांनी तिला गप्प करायचे उपाय सांगितले होते. ताईने सगळ्यांत जास्त.

"कोण आलंय गं?" आतून आईने विचारलं.

ताईने मांडणीवरून दुसरी ताटली काढली आणि त्या खुर्चीसमोर ठेवली. ताटली टेबलावर टकटक वाजली. मग तिने आवाज लावला. वाचताना लावायची तोच, वाक्याच्या शेवटापर्यंत पोचणारा.

"काय वाढू तुला?"

गादीची मागची कड हळूच सुटली आणि पुढची खाली गेली. खूप वेळ वाट पाहिलेलं माणूस बोलण्यासाठी पुढे झुकतं, तशी.